महाबळेश्वरच्या कारवीत सापडलेला सॅक स्पायडर नवीन प्रजाती आहे का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाबळेश्वरच्या बाजूला साधारण १३०० मीटर उंचीवर, कारवीच्या दुमडलेल्या पानात पांढऱ्या रेशमाची पिशवी करून बसलेला फिकट पिवळा कोळी (सॅक स्पायडर, म्हणजे पिशवी करणारा कोळी) सापडला, त्याचे दोन फोटोही तुम्ही पाठवलेत. ॲपवर नाव लागेना, नेटवरच्या कुठल्याच फोटोशी जुळेना. तर ही नवीन प्रजाती असू शकते का, असेल तर ती अधिकृत कशी करतात, आईचं नाव देता येईल का, आणि जाता जाता, चावतो का.

आधी सरळ उत्तर. हो, नवीन असू शकते, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. सह्याद्रीतल्या कोळ्यांवर काम झालंय पण ते जास्त करून जाळी विणणाऱ्या, मोठ्या, रंगीत, दिवसाढवळ्या दिसणाऱ्या कोळ्यांवर. रात्री पानांवरून फिरून शिकार करणाऱ्या आणि दिवसा पिशवीत पडून राहणाऱ्या या फिक्या मंडळींकडे फार थोड्या लोकांनी नीट बघितलंय. एप्रिल २०२२ मध्ये जगात नोंदवलेल्या कोळ्यांच्या प्रजातींचा आकडा ५०,००० वर गेला (तो मान दक्षिण अमेरिकेतल्या गुरियुरियस मिनुआनो नावाच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला मिळाला), आणि या विषयातले लोक मानतात की अजून निदान तेवढेच बिननावाचे फिरतायत. त्यातले काही आपल्या घाटात असणारच.

पण तुमच्या फोटोवरून "नवीन आहे" असं मी सांगू शकत नाही, दुसरं कोणीही सांगू शकणार नाही. जंगलात आपल्याला मिळतो तो नमुना, नवीन की जुना हे ठरतं टेबलावर, आणि ते ठरवायला त्या कोळ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्या आधी नाव मिळालेल्या सगळ्या नातेवाइकांना द्यावा लागतो. लोकांना वाटतं शोध म्हणजे डोंगर चढणं. डोंगर चढणं हा त्यातला मजेचा भाग, खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या पेपरांतल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या आकृत्या बघण्यात जातं.

आता सॅक स्पायडर म्हणजे नक्की कोण, इथूनच गोंधळ सुरू होतो. पूर्वी हे सगळे एकाच क्लुबिओनिडी कुळात कोंबलेले होते. नंतर अभ्यास वाढला तशी त्या कुळाची फोड झाली आणि आज त्यातले बरेच जण ट्रॅकेलिडी, कोरिनिडी, फ्रुरोलिथिडी, लिओक्रॅनिडी अशा वेगवेगळ्या घरी आहेत. ज्याला यलो सॅक स्पायडर म्हणतात तो कायराकॅन्थियम तर आधी क्लुबिओनिडीत होता, मग मिटुर्गिडीत गेला, मग युटिक्युरिडीत, आणि आता कायराकॅन्थिडी असं त्याचं वेगळं कुळ आहे. हे सांगायचं कारण म्हणजे जुनी पुस्तकं उघडलीत तर नावं जुन्या घरात सापडतील, कुळाच्या नावावरून शोधत बसलात तर अर्धी हातून सुटतील.

पानात पिशवी करणारा फिका कोळी दिसला की आपल्याकडे पहिले दोन संशयित क्लुबिओना आणि कायराकॅन्थियम, आणि हे दोन वेगळे करणं चांगल्या भिंगाने जमतं. पाठीच्या ढालीवर मधोमध एक बारीक उभी रेघ, म्हणजे खाच, दिसते का बघा. क्लुबिओनाला ती असते, कायराकॅन्थियमला जवळपास नसतेच, ढाल गुळगुळीत दिसते. मग पाय. कायराकॅन्थियमचा पुढचा पहिला पाय सगळ्यात लांब आणि तो पुढे ताणून बसतो, क्लुबिओनात बहुतेक वेळा शेवटची चौथी जोडी लांब असते. पोटाच्या टोकाला रेशीम सोडणारे जे अवयव असतात त्यातल्या मागच्या जोडीचा शेवटचा तुकडा कायराकॅन्थियममध्ये चांगला लांब आणि निमुळता असतो. तुमच्या पहिल्या फोटोत पुढचा पाय बाकीच्यांपेक्षा बराच लांब दिसतोय आणि जबडे गडद आहेत, त्यामुळे माझा कल कायराकॅन्थियमकडे आहे, पण फोटो वरून आणि थोडा तिरका काढलाय म्हणून पैज लावणार नाही.

प्रजाती मात्र यातल्या कशानेच कळत नाही. क्लुबिओनाच्या जगभरात ५०० च्या वर प्रजाती आहेत, कायराकॅन्थियमच्या २०० च्या वर, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या फिकट पिवळ्या, फिकट हिरवट नाहीतर फिकट तपकिरी. अंगावर नक्षी नाही, ठिपके नाहीत, असलाच तर पोटावर एक पुसट पट्टा, तोही जिवंत असताना दिसतो आणि अल्कोहोलमध्ये टाकला की काही दिवसांत सगळे सारखेच गवताच्या रंगाचे होऊन जातात. म्हणून नमुना घ्यायचाच असेल तर आधी जिवंतपणी फोटो, वरून, समोरून, बाजूने, नंतर बाकीचं. ओळख पटते ती फक्त जननेंद्रियांवरून, नराचा पाल्प आणि मादीचं एपिगाइन, आणि हे दोन्ही शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. म्हणजे पिल्लू किंवा अर्धवट वाढलेला कोळी कितीही सुंदर असला तरी त्यावर प्रजाती लिहिता येत नाही. लोक कौतुकाने नमुने आणून देतात आणि त्यातले बहुतेक पिल्लं निघतात, तेव्हा त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं पण इलाज नसतो.

नर ओळखायचा कसा? तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे जे दोन छोटे अवयव असतात ते पाल्प. मादीत ते सरळ बारीक असतात, नरात टोकाला फुगलेले. फुगलेले पण गुळगुळीत, आत काही काटे-कंगोरे दिसत नसतील तर तो एक कात बाकी असलेला नर. असा मिळाला तर मारू नका, पाळा. छोट्या डबीत ओल्या कापसाचा बोळा, एक पान, आणि आठवड्यातून दोनदा फळांवरच्या चिलटासारख्या बारीक माश्या. तो पानाला धरून पिशवी करेल, आत कात टाकेल आणि एका सकाळी नीट तयार पाल्प घेऊन बाहेर येईल. असे डबीत वाढलेले नर मला सगळ्यात आवडतात, एकही पाय तुटलेला नसतो, केस झडलेले नसतात, आणि टाकलेली कातही हाताशी राहते. विसरायचं नाही म्हणून सांगतो, डबीवर जागा आणि तारीख पहिल्या दिवशीच लिहा, नंतर आठवत नाही.

शोधायचं तर रात्री. पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, घाटमाथ्यावर मला मोठे झालेले नर जास्त मिळतात. हेडलॅम्प लावून कारवी, अंजनी, जांभूळ यांची पानं खालून बघत जायचं. दिवसा जायचं असेल तर फांदीखाली पांढरी किंवा फिकट रंगाची छत्री उलटी धरायची आणि फांदीला काठीने दोन-तीन टोले द्यायचे, जे पडेल ते छत्रीत. साधी पद्धत आहे पण पानातल्या कोळ्यांसाठी याच्याइतकी चांगली दुसरी नाही. जमिनीवरचे सॅक स्पायडर वेगळेच, त्यांना पालापाचोळा चाळूनच गाठावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या फोटोत पिशवीच्या भिंतीतून गोल दाणे दिसतायत, ती अंडी आहेत आणि आत बसलीये ती मादी. या मंडळींत मादी अंड्यांवर बसून राहते, पिशवी आतून बंद करून घेते आणि बहुतेकदा पिल्लं निघेपर्यंत खात नाही. जपानमधल्या कायराकॅन्थियम जॅपोनिकममध्ये तर पिल्लं पहिली कात टाकली की आईलाच खातात आणि आई हलत नाही, तिथल्या संशोधकांनी हे नीट नोंदवलंय. तेव्हा ती पिशवी फाडू नका. अंड्यांवरची मादी म्हणजे नक्की प्रौढ मादी, मोह होतो हे मला कळतं, पण ती उचलली तर ती सगळी अंडी गेली, आणि त्याच कारवीच्या पट्ट्यात रात्री फिरणारी दुसरी मादी मिळण्याची शक्यता चांगली असते. जागेची खूण करून ठेवा, उंची आणि जीपीएस लिहून ठेवा, शेजारची झुडपं बघा.

हो, आणि गोळा करण्याआधी परवानगी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे आणि बराचसा भाग वनखात्याचा आहे, वनखात्याच्या जमिनीवरून कोळी उचलायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, कोयना-चांदोलीसारख्या संरक्षित जागी तर त्याहून जास्त कागद. कोळी आहे, कोण विचारतंय, असं म्हणून चालत नाही कारण पेपर पाठवताना जर्नल परवानगीचा क्रमांक मागतं, आणि तो नसला तर सगळी मेहनत अडकते. घराच्या अंगणात, स्वतःच्या शेतात सापडला तर गोष्ट सोपी आहे. एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाबरोबर किंवा झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राबरोबर काम केलंत तर हा कागदाचा भाग बराच हलका होतो, मी तरी तोच रस्ता सुचवेन.

नमुना ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए करायचा असेल तर एका बाजूचे एक-दोन पाय काढून ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, फ्रीजरला. लेबल कुपीच्या आत, चांगल्या कागदावर, पेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुठल्या झाडावर, कोणी गोळा केला. लेबल नसलेला कोळी कितीही दुर्मीळ असला तरी संशोधनाच्या उपयोगाचा राहत नाही.

आता टेबलावर. नमुना अल्कोहोलच्या वाटीत, वर स्टिरिओ मायक्रोस्कोप, आणि हातात बारीक चिमटा आणि कीटक टोचायच्या सुईचं टोक. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला पुढच्या अर्ध्यात एक टणक, तपकिरी छोटी चकती दिसते, ते एपिगाइन. बाहेरून दोन छिद्रं दिसतील, कधी त्यांच्यामधे एक पातळ पडदा, कधी नुसतीच एक खाच, आणि फक्त एवढ्यावर निर्णय घेतला की माणूस फसतो कारण वेगवेगळ्या प्रजातींची बाहेरची बाजू इतकी सारखी असू शकते की शपथेवर एक म्हणाल. म्हणून ती चकती सुईने कडेकडेने सोडवून काढायची, चिकटलेलं मांस लॅक्टिक ॲसिडमध्ये किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात विरघळवायचं (काही जण लवंगेच्या तेलात नुसतं पारदर्शक करून घेतात, तेही चालतं) आणि मग उलटी करून आतून बघायची. तिथे सगळं कळतं. छिद्रातून निघालेल्या नळ्या कुठे वळतात, सरळ वर जातात की जिलेबीसारखे वेढे घेतात, वेढे किती, शुक्राणू साठवायच्या गोल पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या की लांब, मोठी पिशवी पुढे की लहान. कायराकॅन्थियमच्या माद्यांत या वेढ्यांची संख्या आणि दिशा हीच बहुतेक वेळा प्रजातीची खूण ठरते. पहिल्यांदा स्वच्छ झालेलं एपिगाइन फोकसमध्ये येतं तेव्हा त्या फिक्या, कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या जिवाच्या पोटात इतकी नेटकी रचना आहे हे बघून अजूनही माझा श्वास अडकतो, खरंच सांगतो.

नरात काम वेगळं. डावा पाल्प काढायचा, बाजूने आणि खालून असे दोन्हीकडून बघायचा. डावाच, कारण सगळे डावाच काढतात आणि तुलना करताना सोपं जातं, डावा तुटला असेल तर उजवा काढून चित्र उलटं करायचं आणि तसं लिहायचं. बघायचं काय, तर पाल्पच्या नडगीवर बाहेरच्या बाजूला जो काटा असतो त्याचा आकार, टोक एक की दोन, बोथट की टोकदार. मग शुक्राणू सोडणारी बारीक सोंड कुठून निघते, किती लांब, कुठल्या बाजूने वळते आणि तिला आधार देणारा भाग कसा आहे. कायराकॅन्थियमच्या पाल्पला तळाशी मागे वळलेलं एक शेपूट असतं, क्लुबिओनात ते नसतं, त्या शेपटाची लांबी-जाडीही कामाला येते.

मग मोजमाप. ढालीची लांबी-रुंदी, आठही डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातली अंतरं, प्रत्येक पायाचा प्रत्येक तुकडा, सगळं मिलिमीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत. कंटाळवाणं आहे पण पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमचा पेपर उघडून त्याच्या नमुन्याशी ताडेल तेव्हा त्याला हे आकडे लागतील. आणि एकाच नमुन्यावर थांबू नका, निदान दोन-चार माद्या, दोन-चार नर हवेत, कारण एकाच प्रजातीत आकार आणि पाल्पचा काटा थोडाफार बदलतो. तो बदल किती हे माहीत नसलं की प्रत्येक वेगळा दिसणारा नमुना नवीन प्रजाती वाटायला लागतो. कोळ्यांच्या यादीतली कितीतरी नावं याच कारणाने नंतर रद्द झालीत.

आता येतो खरा अवघड भाग, तुलना. सुरुवात वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगपासून करायची. नॉर्मन प्लॅटनिक यांनी न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं खपून उभी केलेली ही यादी २०१४ पासून स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं नॅचरल हिस्टरी म्युझियम चालवतं, नोंदणी केली की जवळपास सगळे जुने पेपर फुकट उतरवून घेता येतात. आमच्या पिढीला एकेका पेपरसाठी परदेशातल्या ओळखीच्यांना पत्रं लिहावी लागायची, तुमचं नशीब चांगलं. तिथे भारतातल्या, श्रीलंकेतल्या, म्यानमार-थायलंड-चीनमधल्या सगळ्या कायराकॅन्थियम आणि क्लुबिओनाची यादी काढा.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन-चार टप्पे. एकोणिसाव्या शतकात ओ. पिकार्ड-केंब्रिज यांनी १८७४ आणि १८८५ मध्ये भारतातल्या आणि हिमालयाकडच्या प्रजाती लिहिल्या. सिमों यांनी १९०६ मध्ये दक्षिण भारतातल्या, त्यातली क्लुबिओना नीलघेरिना नावावरूनच कळते कुठली ते. ग्रेव्हली यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या साहित्यावर काम केलं, कायराकॅन्थियम हिमालयेन्से त्यांचीच. आणि १९९१ मध्ये मजुमदार आणि टिकादर यांचा भारतातल्या क्लुबिओनिडींवरचा मोठा अभ्यास आला, ज्यात कायराकॅन्थियम मायसोरेन्से, काश्मीरेन्से आणि, तुमच्यासाठी सगळ्यात जवळची, कायराकॅन्थियम पूनाएन्से आहे. टिकादर झूलॉजिकल सर्व्हेच्या पुण्याच्या केंद्रात बरीच वर्षं होते, नंतर संस्थेचे संचालक झाले, आणि भारतातल्या कोळ्यांवर एकट्या माणसाने केलेलं सगळ्यात जास्त काम त्यांचं. तुमचा कोळी नवीन म्हणायच्या आधी तो पूनाएन्से नाही हे दाखवायला लागेल, पुण्यापासून महाबळेश्वर असं कितीसं लांब आहे?

अडचण अशी की जुन्या वर्णनांमधल्या आकृत्या लहान, बऱ्याच ठिकाणी एपिगाइन आतून न बघता बाहेरूनच काढलेलं, आणि कितीतरी प्रजाती फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून माहीत. समजा तुम्हाला फक्त मादी मिळाली आणि ती कुठल्याच मादीशी जुळत नाही, म्हणून नवीन झाली का? नाही, कारण शेजारच्या जिल्ह्यातून फक्त नरावर लिहिलेली एखादी प्रजाती असेल तर तुमची मादी ही तिचीच न सापडलेली बायको असू शकते. म्हणून मी नर-मादी एकाच जागेवरून, एकाच काळात मिळण्यावर इतका जोर देतो. शक्यतो एकाच पिशवीत नाहीतर शेजारशेजारच्या पिशव्यांत असलेले नर-मादी मिळाले तर उत्तम, या कोळ्यांत नर बऱ्याचदा मादीच्या कातेची वाट बघत तिच्या पिशवीलगत मुक्काम ठोकतो. तसे नसतील मिळत तर डीएनएचा आधार घ्यायचा, सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा दोघांत जुळला की जोडी पक्की व्हायला मदत होते. पण निव्वळ डीएनएमधल्या टक्क्यांवर नवीन प्रजाती जाहीर करू नका, अमुक टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती असा कुठलाही पक्का नियम नाही, डोंगराळ भागात तर एकाच प्रजातीच्या दोन शिखरांवरच्या वस्त्यांमध्येही बराच फरक निघू शकतो.

शंका राहिली तर मूळ नमुना, ज्यावर पहिल्यांदा नाव ठेवलं तो टाइप, बघावाच लागतो. सिमोंचे पॅरिसला, पिकार्ड-केंब्रिजचे बरेचसे ऑक्सफर्डला, आपल्याकडचे कलकत्त्याला झूलॉजिकल सर्व्हेत. स्वतः जाता आलं नाही तर तिथल्या क्युरेटरला नम्रपणे लिहून पाल्प-एपिगाइनचे फोटो मागता येतात, उत्तर यायला वेळ लागतो पण बहुतेक लोक मदत करतात. मी म्हणेन की एक टाइप बघणं हे दहा नवीन फोटो काढण्यापेक्षा मोलाचं आहे, आणि आपल्याकडे नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. त्यामुळे यादी वाढत जाते आणि पुढच्याचं काम दुप्पट होतं.

डोंगराबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो कारण तुमच्या प्रश्नात तसा सूर होता की एवढ्या उंचीवर सापडला म्हणजे वेगळाच असणार. अंशतः बरोबर. घाटमाथ्यावरची जंगलं एकमेकांपासून तुटलेली आहेत, मधे गरम कोरडा सखल भाग, आणि अशा तुटलेल्या जागी वेगळ्या प्रजाती तयार होतात हे बेडकांत, पक्ष्यांत चांगलं दिसलंय, केरळातल्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला त्याचाच दुसरा भाऊबंद असं कितीतरी गटांत आहे. पण कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, काही सॅक स्पायडर त्यामुळे प्रचंड मोठ्या प्रदेशात पसरलेले आहेत. क्लुबिओना डेलेट्रिक्स भारतापासून चीन, तैवान, जपानपर्यंत नोंदवलीये. म्हणजे तुमचा महाबळेश्वरचा कोळी नवीन निघू शकतो, किंवा थायलंडमधून लिहिलेली एखादी प्रजाती भारतात पहिल्यांदा सापडली असंही निघू शकतं, आणि ती पण छापण्यासारखी चांगली गोष्ट आहे. यासाठी क्रिस्टा डीलमन-राइनहोल्ड यांचं २००१ चं आग्नेय आशियातल्या जंगली कोळ्यांवरचं पुस्तक बघायलाच हवं, त्यात सॅक स्पायडरांची नव्याने मांडणी आहे आणि आकृत्या फार सुंदर आहेत. उंची मात्र नेहमी नोंदवा. त्याच घाटात ६०० मीटरला कुठली, १३०० ला कुठली, हे पुढे फार बोलकं ठरतं.

सगळं बघून झालं आणि तरी जुळलं नाही तर लिहायला बसायचं. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, सध्याची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून स्पष्ट नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते सांगायचं, हे न केलं तर नाव ग्राह्यच धरत नाहीत. भारतात जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन प्रजातीचे नमुने सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करावे लागतात आणि कळवावं लागतं, कोळ्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे हे सरळ उत्तर. घरातल्या कपाटात होलोटाइप ठेवू नका, अल्कोहोल उडतं, माणूस जातो, आणि नमुना हरवतो. पेपर ऑनलाइनच निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद करून तो क्रमांक पेपरात छापावा लागतो.

पेपरात सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो डायग्नोसिसमध्ये, म्हणजे ही प्रजाती तिच्या सगळ्यात जवळच्या दोन-तीन प्रजातींपासून नेमकी कशी वेगळी. "पाल्पचा काटा लांब" असं मोघम नको. "काट्याचं टोक दोन भागांत फाटलेलं, अमुक प्रजातीत ते एकसंध" असं हवं, सोबत दोन्हीच्या आकृत्यांचा संदर्भ. लांबलचक वर्णन कोणीही लिहू शकतो. डायग्नोसिसवरून कळतं लिहिणाऱ्याने बाकीच्या प्रजाती खरंच पाहिल्यात की नाही. छापायला झूटॅक्सा, झूकीज, किंवा कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, सगळीकडे तज्ज्ञ तपासतात. आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा, असा मेल आला तर उत्तरही देऊ नका.

चावतो का? चावू शकतो, पानाची पिशवी बोटांनी दाबलीत तर. युरोपातल्या कायराकॅन्थियम पुन्क्टोरियमचा चावा चांगलाच ठणकतो. पण मांस सडतं वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याला आधार फार कमी आहे. २००६ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या खात्रीने या कोळ्यांच्याच असलेल्या २० चाव्यांचा अभ्यास छापून आला, त्यात एकाही माणसाला मांस सडण्याचा त्रास झालेला नव्हता. हाताळताना डबी आणि कागदाचा तुकडा वापरा, बोटं नको, बास.

राहिलं आईचं नाव. देता येतं, छान प्रथा आहे. स्त्रीच्या नावावरून ठेवायचं तर शेवट लॅटिन पद्धतीने 'ए' असा होतो, आईचं नाव सुनंदा असेल तर सुनंदे, जागेवरून ठेवायचं तर वंशाच्या नावाच्या, म्हणजे कायराकॅन्थियमसारख्या पहिल्या नावाच्या, लिंगाप्रमाणे 'एन्सिस' किंवा 'एन्से'. स्वतःचं नाव स्वतः देणं नियमात बसतं पण कोणी करत नाही. एक मात्र कळकळीने सांगतो, पेपर छापून येईपर्यंत ते नाव फोटोखाली, स्टेटसला, बातमीत कुठेही टाकू नका. वर्णनाशिवाय फिरलेल्या नावाला काहीच दर्जा नसतो आणि नंतर शोधणाऱ्यांचा घोळ होतो, कधी दुसऱ्याच कोणीतरी तेच नाव दुसऱ्या कोळ्याला लावलेलं असतं. सध्या वहीत लिहून ठेवा, परवानगीचा अर्ज टाका, आणि ऑक्टोबरमध्ये त्या कारवीच्या पट्ट्यात रात्री नर शोधा. मिळाला की त्याच्या डाव्या पाल्पचा बाजूने आणि खालून असे दोन फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, आणि पाठवा. पूनाएन्से आहे की नाही एवढं तरी त्यावरून मी बघून सांगेन.